क्रमांक नऊचं नाव

“बायकांचा अभ्यास करायला नांदेडला कशाला जायला पाहिजे?” वडील म्हणाले होते. “घरात तीन हायेत, गल्लीत पन्नास. इथंच बस की ओट्यावर.”

मुख्य विषय अर्थशास्त्र होता म्हणून त्यांनी फार ताणलं नाही. अर्थशास्त्र झालं की बँकेची परीक्षा, परीक्षा झाली की नोकरी, असा त्यांचा सरळ रस्ता ठरलेला होता. सोबत एक दुय्यम विषय घ्यावा लागायचा. त्यात भूगोल होता, लोकप्रशासन होतं आणि स्त्री-अभ्यास होता. खरं सांगायचं तर मी स्त्री-अभ्यास घेतला तो त्याचे तास दुपारी असायचे म्हणून. सकाळी उठायचा मला पहिल्यापासून कंटाळा. पुढं कुणी विचारलं की मी याची फार मोठमोठी कारणं सांगायचे, आणि सांगता सांगता मलाही ती खरी वाटायला लागली.

विषय मात्र हळूहळू अंगात भिनला, आणि तो भिनवला आमच्या मॅडमनी. मॅडम ठेंगण्या, सुती साडीतल्या, आवाज कधीही न चढवणाऱ्या. पंखा करकरायचा, म्हणून आम्ही सगळ्या पुढच्या तीन बाकांवर दाटीवाटीनं बसायचो. त्या सांगायच्या, “प्रश्न विचारून झाला की गप्प बसायचं. बाई लगेच बोलत नाही. तिला आधी कुणी विचारलेलंच नसतं.” मला हे इतकं आवडलं की सुट्टीत घरी गेल्यावर मी आईवर प्रयोग केला. तिला काहीतरी विचारलं आणि गप्प बसले. आई म्हणाली, “अशी बघत काय बसलीस? लसूण सोल.”

मॅडमचा एक नियम होता. ज्या बाईची मुलाखत घ्यायची तिचं नाव लिहायचं नाही. तिला क्रमांक द्यायचा. यामागचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं. फार वर्षांपूर्वी त्यांच्या एका विद्यार्थिनीनं अहवालात एका बाईचं खरं नाव घातलं होतं. तो अहवाल फिरत फिरत त्या बाईच्या गावात गेला, सासरच्यांनी कुणाकडून तरी वाचून घेतला आणि बाईला लेकरासकट माहेरी आणून सोडलं. हे सांगून मॅडम म्हणाल्या, “तेव्हापासून नाव नाही. अहवालात नाही, वहीत नाही, समासात पेन्सिलीनंसुद्धा नाही. वही एसटीत विसरते.”

मी हे लिहून घेतलं आणि खाली दोनदा रेघ मारली. तोपर्यंतच्या आयुष्यातले सगळे नियम माझ्यावर होते. सातच्या आत घरात, ओढणी नीट, मोठ्यानं हसायचं नाही. हा पहिला नियम असा होता की तो पाळणं माझ्या हातात होतं आणि पाळला की मी कुणीतरी आहे असं वाटायचं. विसाव्या वर्षी माणसाला याची फार भूक असते.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही, आणि त्याच्या आदल्या वर्षीही नावालाच झाला होता. मार्च लागला तसं आमच्या वसतिगृहात दिवसाआड एक बादली मिळायला लागली, मग तीही बंद झाली आणि मुलींना घरी जायला सांगितलं. मॅडमनी निघताना प्रत्येकीच्या हातात प्रश्नावल्यांचा गठ्ठा दिला. आपापल्या गावात बारा बायकांना विचारायचं होतं, की पाणी कोण आणतं, किती वेळ जातो, त्यापायी कोणतं काम सुटतं. मी गठ्ठा घेऊन लातूरला आले तेव्हा लातूरचे हाल नांदेडपेक्षा वाईट होते. पुढं तर शहराला रेल्वेनं पाणी यायला लागलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आठ-दहा दिवसांनी टँकर यायचा. त्याच्या आदल्या दिवसापासून भांडी रांगेला लागायची आणि भांड्यांच्या मागं, भिंतीच्या सावलीला, बायका.

उत्तरं द्यायला बायका शोधाव्या लागतात, त्यांना वेळ नसतो, असं आम्हाला शिकवलं होतं. इथं दुष्काळानं त्यांना माझ्यासाठी ओळीनं बसवून ठेवलं होतं. तेव्हा मला ही माझी सोय वाटली, हे आज लिहिताना लाज वाटते.

क्रमांक नऊ म्हणजे मागच्या गल्लीतल्या मेसवाल्या मावशी. लातूर म्हणजे शिकवण्यांचं गाव. बाहेरगावची पोरं क्लासला येतात, खोल्या करून राहतात आणि मेसमध्ये जेवतात. अशाच एका मेसमध्ये मावशी पोळ्या लाटायच्या. त्या उन्हाळ्यात पोरं घरी गेली, मेस बंद झाली आणि मावशींचं लाटणं थांबलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एक मुलगा होता, रिक्षा चालवायचा, आईला जपायचा. मावशींचं माहेर धर्माबादकडचं, पार तेलंगणाच्या कडेचं. रांगेत सगळ्यांकडं प्लास्टिकच्या घागरी आणि ड्रम होते. त्यांच्यापुढं मात्र एक जुनी पितळी घागर असायची, चिंचेनं घासून लख्ख केलेली. पाण्याचा पत्ता नाही आणि ही बाई घागर घासते, यावरून बायका त्यांना चिडवायच्या. “राखेनं अन् चिंचेनं घासते गं, पाणी कुठं लागतंय,” मावशी म्हणायच्या.

मी त्यांच्याजवळ बसले आणि प्रश्नावली काढली. पाच-सहा प्रश्न झाल्यावर त्याच थांबल्या.

“नाव न्हाई विचारलीस.”

“नाव लिहायचं नसतं मावशी. तुम्हाला कुणी त्रास देऊ नये म्हणून.”

“मला कोण तरास देतंय? नवरा गेला, सासू गेली. पोरगं माजं गरीब हाय.” त्या हसल्या. “बरं, मंग कोणाचं म्हून लिहून राहिलीस हे समदं?”

“तुम्ही क्रमांक नऊ.”

“इथं सतरावा हाय माजा नंबर.”

बाजूच्या बायका हसल्या, मीही हसले. मग मॅडमनी शिकवल्याप्रमाणे गप्प बसले आणि मावशी खरंच बोलायला लागल्या. आपलं नाव लग्नात बदललं, असं त्या म्हणाल्या. त्यात मला नवं काही वाटलं नाही, आमच्याकडं सगळ्यांचं बदलतं. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात नवं नाव काढतो. मावशींना वाचता येत नव्हतं. ताटात काय लिहिलंय ते नणंदेनं वाचून दाखवलं, तेव्हा त्यांना आपलं नाव कळलं. “म्या मनात म्हटलं, ही कोण आता?” त्या म्हणाल्या. पहिले काही महिने हाक मारली तरी त्यांचं लक्ष जायचं नाही आणि सासूला वाटायचं, सून बहिरी गळ्यात बांधली.

“मंग लातूर जिल्हा झाला,” मावशी म्हणाल्या. “पेढे वाटले लोकायनं. जिल्ह्याचं नाव बदललं म्हून समद्यायचे रेशन कार्ड नवे लिहून राहिले होते. म्या गेले. म्हटलं, समदंच नवं लिहून राहिलेत तर माजं तेवढं जुनं लिहा.”

“मग?”

“कारकून हसला. म्हणला, घरधनी काय म्हून हाक मारतो ते सांगा. म्या म्हटलं, ते तर ‘ऐकलं का’ म्हणतात.”

सगळी रांग हसली. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी घागर जवळ ओढली. ही घागर आईनं लग्नात दिली होती आणि द्यायच्या आधी धर्माबादच्या बाजारात नेऊन तिच्यावर लेकीचं नाव घालून घेतलं होतं. छिन्नीनं, टिंबाटिंबांचं. आई म्हणाली होती, नाव बदलतील, घागर कशाला बदलतील. जगात त्यांचं ते नाव एवढ्या एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं. आईबाप गेले, भाऊ गेला, त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.

“हे बघ,” असं म्हणून त्यांनी घागर माझ्याकडं फिरवायला घेतली. “वाच. मला वाचता येत न्हाई, पर बोटाला कळतंय. चार अक्षरं हायेत.” त्यांनी चार बोटं दाखवली.

मी मान वळवली.

हो, मी मान वळवली. “नको मावशी, मी नाव बघणार नाही,” म्हणाले, आणि भिंतीकडं बघत राहिले. मला स्वतःचा अभिमान वाटला होता. पुढं अहवालातल्या ‘अभ्यासपद्धती’ या भागात मी हा प्रसंग दोन ओळींत घातला, गोपनीयता किती काटेकोर पाळली याचा दाखला म्हणून. मावशींनी घागर पुन्हा होती तशी फिरवून ठेवली आणि विचारलं, “पुढचं काय हाय तुझ्या कागदात?”

दुसऱ्या फेरीला मी पंधरा दिवसांनी गेले. काही प्रश्न राहिले होते. मावशी घरात होत्या. दारात दोन निळे ड्रम उभे होते, नवे कोरे. घागर दिसली नाही. टँकरवाले आता घरटी दोनच भांडी भरू देत होते, मग त्यातलं एक भांडं घागरीचं कशाला? मुलगा चुकीचं बोलला नव्हता. त्यानं आईला आधी समजावून सांगितलं, तिनं मान हलवली, आणि मग तो घागर भांड्यांच्या दुकानात मोडीत घालून ड्रम घेऊन आला. मोडीचं पितळ वितळवायला जातं हे मावशींना माहीत होतं.

“पाणी जास्त येतंय आता,” त्या म्हणाल्या. “चांगलं झालं.”

थोड्या वेळानं म्हणाल्या, “तू लिही ना माजं नाव. एकदा. कागदावर राहील कुठं तरी. तुमच्या नांदेडला राहिलं तरी चालतंय.”

आणि त्यांनी नाव सांगितलं. आधी सलग, मग एकेक अक्षर सुटं करून, एकेक बोट उघडत. चार अक्षरं, चार बोटं. पोळ्या लाटून लाटून अंगठ्याच्या मुळाशी पडलेला घट्टा मला आजही दिसतो. मी वही मांडीवर उघडी धरून बसले होते आणि पेन वर उचललेलं होतं. मी म्हणाले, “बघते मावशी. मॅडमला विचारते.”

मी मॅडमना विचारलं नाही. नियम माहीत असताना विचारायचं काय, असं मला वाटलं असणार. किंवा त्यांनी हो म्हटलं असतं तर माझ्या त्या दोन सुंदर ओळी वाया गेल्या असत्या. माणूस स्वतःशी किती लबाड असतो, ते सांगायला नको.

त्या दिवशी घरी चहा घेताना मी वडिलांना रेशन कार्डाची गोष्ट सांगितली, गंमत म्हणून. ते तहसील कचेरीत कारकून. म्हणाले, “नवा जिल्हा झाला तवा कार्डं आम्हीच लिहिली की. नोकरीला लागून वर्ष झालं नव्हतं. लिहून लिहून हात सुजला होता माझा. बाईचं नाव नवऱ्याला विचारून लिहायचं, बाई समोर उभी असली तरी.”

“आणि तिनं वेगळं सांगितलं तर?”

“तर काय? रांग थांबते.”

तो हसलेला कारकून माझे वडील होते की दुसरं कुणी, ते मी विचारलं नाही. कार्यालयात कारकून बरेच होते. मला त्यांचा राग मात्र आला, चांगला दोन दिवस टिकणारा. स्त्री-अभ्यासाची विद्यार्थिनी होते ना मी. माझ्या मांडीवरच्या वहीत काय लिहिलंय, ते त्या रागाच्या भरात माझ्या डोक्यातही आलं नाही.

अहवाल चांगला झाला. सगळ्यांच्या अहवालांतले निवडक भाग विभागानं पातळ पुस्तिका करून छापले आणि त्यात माझी चार पानं होती. पाऊस पडून गेला होता, लातूरच्या नळांना पुन्हा पाणी आलं होतं. दिवाळीत मी एक प्रत मावशींना द्यायला गेले. मेस सुरू झाली होती. त्या नुकत्याच कामावरून आल्या होत्या, हातांना पीठ होतं. हात धुऊन, पदराला पुसून त्यांनी पुस्तिका घेतली.

“माजं कुठं हाय?”

मी पान काढून दिलं आणि बोट ठेवलं. ‘क्र. ९’. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, घागरीवरून फिरवायच्या तसं. छापलेलं अक्षर बोटाला लागत नाही. मग त्यांनी बोटं उघडून मोजायला घेतलं, एक, दोन, आणि थांबल्या.

“हे काय हाय?”

“नऊ, मावशी. तुमचा क्रमांक.”

“बरं,” त्या म्हणाल्या.

मला वाटतं त्या रागावल्या असत्या तर मी सुटले असते. त्यांनी चहा ठेवला. माझ्यासाठी साखर जास्त घातली. पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून देव्हाऱ्याच्या मागं ठेवली आणि मला म्हणाल्या, “लई शिक. तुझ्या हातानं चांगलं लिहितीस.” मी उठून घरी आले. काहीतरी चुकलं एवढं कळत होतं, पण ते काय याचा विचार करायला मला तेव्हा वेळ नव्हता. परीक्षा होती.

वडिलांचा रस्ता सरळ निघाला. मला बँकेत नोकरी लागली आणि पहिली नेमणूक हिमायतनगरला झाली. तिथं काउंटरवर बसून मी रोज बायकांची नावं लिहायचे, आधार कार्डावर असतील तशी. एकदा दुपारी आईचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, “अगं, मेसवाल्या मावशी गेल्या. परवा.” दोन दिवसांचा ताप, एवढंच. मी फोन ठेवला, समोरच्या बाईचं पासबुक घेतलं आणि मनात मावशींना हाक मारायला गेले. त्या नावानं, चार अक्षरी नावानं. मावशींनी ज्याला ते सांगितलं असं माझ्याशिवाय कुणी नव्हतं, तेव्हा निदान मी तरी एकदा हाक मारावी.

नाव आठवेना.

आधी वाटलं, रडू येतंय म्हणून सुचत नाही. संध्याकाळी आठवेल, उद्या आठवेल. वही आहे, वहीत बघू. मग लक्षात आलं की वहीत काय असणार आहे.

तेराव्याला लातूरला गेले. चौकात श्रद्धांजलीचा फलक होता. त्यावर मावशींचा फोटो आणि खाली तांदळातलं नाव. मुलगा गळ्यात पडून रडला. मी त्याला हळूच विचारलं, “आईचं माहेरचं नाव काय होतं रे?” तो थांबला, डोळे पुसले, आठवायला लागला. मग अपराध्यासारखा म्हणाला, “ताई, ते कधी लागलंच न्हाई बघा कुठं.” त्याला दोष द्यायला मला तोंड नव्हतं.

सुट्टी काढून धर्माबादला गेले आणि तिथून त्यांच्या माहेरच्या गावाला. मिरचीचा हंगाम होता, सगळ्या रस्त्याला ठसका लागत होता. भावाची मुलं घरी होती, भली माणसं. त्यांनी जेवायला बसवलं. “आम्ही आत्याच म्हणायचो,” ती सगळी म्हणाली. शेजारी एक म्हातारी होती. तिला ऐकू कमी येत होतं. दोनदा ओरडून सांगितल्यावर तिला ओळख पटली. “ती व्हय? धाकली,” ती म्हणाली. “धाकलीच म्हणायचो आम्ही तिला.” गावात शाळा होती, पण मावशी शाळेत गेल्याच नव्हत्या, त्यामुळं हजेरीत बघायचं तरी काय?

परत येताना नांदेडला उतरून मॅडमकडं गेले. त्या निवृत्त झाल्या होत्या. मी सगळं सांगितलं, घागर, मान वळवली ते, पुस्तिका. मला वाटलं होतं, नियम माझाच होता गं, असं म्हणून त्या ओझं थोडं उचलतील. त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “नाव झाकायचं ते तिच्यासाठी. तिनंच उघडं कर म्हटल्यावर तू कुणासाठी झाकलंस?”

आणि प्रश्न विचारून झाल्यावर त्या गप्प बसल्या.

आता मला बारीकसारीक सगळं आठवतं. ड्रमचा निळा रंग, चिंचेचा वास, अंगठ्याखालचा घट्टा, उघडत गेलेली बोटं. फक्त आवाज बंद होतो. कधी कधी पोळी लाटताना मी चार अक्षरांची नावं एकेक करून म्हणून बघते. वाटतं, बरोबर नाव ओठांवर आलं तर आपल्याला कळेल. एकदाही कळलं नाही. मला फार वाईट वाटतं, आणि ज्या बाईसाठी वाटतं तिला काय म्हणायचं तेही मला ठाऊक नाही.

वही अजून माझ्याकडं आहे. ती कधी एसटीत विसरली नाही. त्या दुसऱ्या फेरीच्या पानावर तारीख आहे, ड्रम दोन असल्याची नोंद आहे, टँकर किती वाजता आला ते आहे. सगळ्यात खाली माझ्याच वळणदार अक्षरात एक ओळ आहे, तिच्याखाली दोनदा रेघ मारलेली: ‘क्र. ९ हिने आज स्वतःचे माहेरचे नाव सांगितले. नियमाप्रमाणे नोंद केली नाही.’